आवक क्रमांक नसलेलं पत्र

दहा जून १९९९ ची तारीख असलेलं एक पत्र मी सात आठवडे शब्दकोशात दडवून ठेवलं होतं. दडवून म्हणजे कोणी त्याच्या शोधात होतं असं नाही. ते कोणालाच नको होतं. ते मलाच दिसू नये म्हणून मी ते जाड पुस्तकात घातलं, आणि मग रोज काही ना काही शब्द बघायच्या निमित्ताने ते पुस्तक उघडत राहिलो.

पत्र माधवनगरहून आलं होतं, म्हणजे आमच्या सांगलीतल्या घरापासून बसने पंधरा मिनिटांवरून. वहीचे दोन कागद, चारही पानं भरलेली, आणि शेवटी एवढंच : "आईला कसं सांगू ते लिहा. लवकर लिहा."

मी लिहिलं नाही. का लिहिलं नाही, हे सांगायला आधी आमच्या केंद्राबद्दल सांगावं लागेल.

साताऱ्याच्या एका वाचनालयात मी चौतीस वर्षं काढली. पुस्तक मागायला आलेल्या माणसाशीही मी कपाटाकडे बघूनच बोलत असे. निवृत्तीनंतर सांगलीला मुलीकडे राहायला आलो, तेव्हा लालासाहेबांच्या शिक्षणसंस्थेने तरुणांसाठी एक नवीन सोय काढली होती. मनात काही सलत असेल तर ई-मेल करा, आमचे सल्लागार ई-मेलनेच उत्तर देतील. ना चेहरा, ना आवाज, नाव सांगायचीही सक्ती नाही. वर्तमानपत्रात हे वाचलं आणि मला वाटलं, हे तरुणांसाठी नसून माझ्यासाठीच काढलंय. चेहरा न दाखवता कोणाच्या तरी उपयोगी पडायची अशी संधी मला आधी कोणी दिली नव्हती. मी अर्ज केला. अक्षर चांगलं आहे म्हणून मला घेतलं.

पाडव्याला उद्घाटन झालं. संगणकाला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, आणि नारळाचं पाणी कळफलकावर उडाल्यामुळे केंद्र प्रत्यक्षात दहा दिवस उशिरा सुरू झालं. चपला बाहेर काढून आत जायचं. आत गार हवेचं यंत्र होतं, भिंतीवर 'गोपनीयता' असा मोठा फलक होता, आणि यंत्र नीट चालत नसल्यामुळे दार सताड उघडं असायचं.

सुरुवातीला पुण्याहून वल्लरीबाई म्हणून एक तरुण बाई दोन दिवस शिकवायला आल्या होत्या. मला त्यांचं सगळं बोलणं अजून आठवतं. त्या म्हणाल्या, "समोरच्याला तुमचा आवाज ऐकू येत नाही. त्याच्याकडे तुमची फक्त अक्षरं आहेत, आणि ती तो दहा वेळा वाचणार आहे. म्हणून थोडं लिहा. त्याचं म्हणणं तुम्हाला काय कळलं, ते आधी त्याच्याच शब्दांत लिहा. मग एक प्रश्न विचारा. एकच. सल्ला द्यायची घाई करू नका. आणि उत्तर चोवीस तासांत जाऊ द्या, तो वाट बघत असतो."

"एकच प्रश्न?" आमच्यातल्या एका निवृत्त मुख्याध्यापकांनी हात वर केला. "मग मार्गदर्शन कधी करायचं?"

"बहुतेक वेळा करायचंच नसतं, सर."

मुख्याध्यापकांनी आमच्याकडे असं पाहिलं, की या बाईंना प्रवासाचा शीण झाला असावा.

वल्लरीबाई पुण्याला परत गेल्या आणि आठवड्याच्या आत त्यांची पद्धत आम्ही सुधारली. लालासाहेबांनी बारा तयार परिच्छेद लिहवून घेतले. एक नंबर अभ्यासात लक्ष लागत नाही, चार नंबर प्रेमभंग, सात नंबर घरच्यांशी मतभेद, नऊ नंबर नोकरी. पहाटे उठावे आणि थंड पाण्याने अंघोळ करावी, हे बाराही परिच्छेदांत होतं. आलेली ई-मेल कागदावर छापायची, तिला आवक क्रमांक द्यायचा, गुरुवारी सल्लागार मंडळापुढे ठेवायची. मंडळ परिच्छेदाचा नंबर ठरवणार, लालासाहेब सही करणार, मग शरयूबाई ते उत्तर संगणकातून पाठवणार. यात सरासरी अकरा दिवस जात. ई-मेल दोन सेकंदांत अमेरिकेत पोचते, याचं लालासाहेबांना फार कौतुक होतं.

या शरयूबाई म्हणजे केंद्राच्या टायपिस्ट. अठरा वर्षं टायपिंगचा क्लास चालवलेल्या, चाळिशीच्या पुढच्या, तोंडाने स्पष्ट. केंद्रात काम करणाऱ्या त्या एकट्याच होत्या. आम्ही बाकीचे सल्लागार होतो.

एक गोष्ट मात्र आमच्यापैकी कोणाच्याच डोक्यात आली नव्हती. ई-मेल करायला स्वतःचा ई-मेल पत्ता लागतो, आणि तो आमच्या तरुणांकडे नव्हता. माधवनगरच्या रस्त्यावर आप्पासो नावाच्या माणसाचं फोनचं बूथ होतं, तिथे त्याने दोन संगणक मांडले होते. पोरं तिथे जात, आणि आप्पासोच्याच पत्त्यावरून आम्हाला लिहीत. साहजिकच उत्तरंही आप्पासोलाच जात. तो मनाचा फार चांगला. प्रत्येक उत्तर छापून घ्यायचा, योग्य माणसालाच मिळावं म्हणून आधी स्वतः नीट वाचायचा, आणि मग बूथमध्ये उभा राहून नाव पुकारायचा.

ज्याचं पत्र मी पुढे दडवून ठेवलं, त्या पप्पूची पहिली ई-मेल मे महिन्यात आली होती. "मी घरी एक खोटं सांगितलंय. आता निस्तरत नाही. काय करू?" मंडळाने पाच मिनिटांत सात नंबर दिला. बाराव्या दिवशी ऐन गर्दीच्या वेळी आप्पासोने कागद उंच धरला.

"माधवनगरचा पप्पू कोन रं हितं? तुझं खोटं निस्तरायचं उत्तर आलंय गड्या. थंड पान्यानं आंघूळ कर म्हंत्यात!"

हे मला पप्पूच्या त्या जूनच्या पत्रातून कळलं. त्यानंतर तो त्या बूथकडे फिरकला नाही. त्याने वहीचे दोन कागद घेतले, चार पानं भरली आणि पोस्टाने पाठवली.

त्या चार पानांत होतं ते असं. पप्पू जत तालुक्यातल्या एका वाडीचा. घरची मेंढरं होती, आता थोडी शेतीही. वडील, धुळा, मेंढरांमागे असायचे. दीड वर्षापूर्वी तो लष्कराच्या भरतीला गेला. धावण्यात पहिला आला, आणि वाडीतल्या कोणीतरी ती बातमी त्याच संध्याकाळी घरी पोचवली. वाडीने गुलाल उधळला, पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी त्याला उभं करून पाहिलं आणि गुडघ्याला गुडघा लागतो म्हणून बाहेर काढलं. गुलाल परत घेता येत नाही. पप्पू घरी गेलाच नाही. माधवनगरात मागाच्या कारखान्यात लागला, आणि सुताच्या ट्रकवाल्याकडे पत्रं देऊन ती लष्कराची छावणी असलेल्या बेळगावच्या पेटीत टाकायला लावू लागला, म्हणजे शिक्का बेळगावचा पडावा. दिवाळीला केस बारीक कापून, हिरवी ट्रंक विकत घेऊन तो आठ दिवस 'सुट्टीवर' घरीही जाऊन आला. धाकट्या बहिणीने, समीक्षाने, ट्रंकेवर त्याचं नाव पांढऱ्या रंगाने लिहून दिलं.

मग मे महिन्यात कारगिल सुरू झालं. आता बेळगावचं पत्र कसं टाकायचं? आणि कारगिलचं कुठून आणायचं? त्याने पत्रंच बंद केली. इकडे आई, धोंडुबाई, रोज संध्याकाळी ग्रामपंचायतीच्या टीव्हीपुढे बसायची, आणि रात्रीचं जेवण तिने सोडून दिलं होतं, हे बाजारातल्या बोलण्यातून त्याच्या कानावर आलं होतं. "मी धडधाकट हाय आन हितं माधवनगरात मागावर हाय. ती तिकडं माझ्यासाठी उपाशी बसती. मला घास गिळत न्हाई. आईला कसं सांगू ते लिहा. लवकर लिहा."

पाकीट केंद्राच्या नावावर होतं. ते शरयूबाईंनी फोडलं, वाचलं आणि गुरुवारच्या बैठकीत माझ्यापुढे सरकवलं. मी वाचलं. मी म्हणालो, "एक कागदी पत्र आलंय."

"कागदी?" लालासाहेबांनी चष्मा काढला. "मग ते पोस्टाचं काम झालं, आपलं न्हवं. आपन पुढं चाललोय का मागं?"

"याला आवक क्रमांक देता येणार नाही," मुख्याध्यापक म्हणाले. "आपल्या वहीत ई-मेलचाच रकाना आहे."

"त्याला कळवा की, ई-मेल कर म्हणावं."

"कसं कळवायचं, साहेब?" शरयूबाईंनी विचारलं.

"ई-मेलनं!"

पत्र कोणी वाचायला मागितलं नाही. आमच्या केंद्रात तेवढं एकच पत्र शेवटपर्यंत गोपनीय राहिलं. मी ते घडी करून खिशात टाकलं आणि म्हणालो, "मी बघतो." शरयूबाईंनी माझ्याकडे आशेने पाहिलं. तशी आशा मला फार वर्षांत कोणाच्या डोळ्यांत दिसली नव्हती, त्यामुळे मी आणखीच घाबरलो.

पहिला मसुदा नऊ पानांचा झाला. त्यात सत्य म्हणजे काय याची चर्चा होती. दुसऱ्यात मी ती काढून आईच्या मनाबद्दल लिहिलं. तिसऱ्यात वाटलं, मी कोण याला सांगणारा? मी स्वतः कधी कोणाला अवघड गोष्ट तोंडाने सांगितली आहे? चौथ्यात हीच शंका मी दोन पानं मांडली. अकरावा मसुदा शरयूबाईंना वाचायला दिला. त्यांनी तो उभ्या उभ्या वाचला.

"चिंतामणकाका, भाषा सुंदर आहे."

"पण?"

"पप्पूचं नाव कुठे आलंय यात?"

मी पाहिलं. वरच्या मायन्यात आलं होतं.

"बाकी सगळे तुम्हीच आहात," त्या म्हणाल्या आणि कळफलकाकडे वळल्या. मी मसुदा शब्दकोशात ठेवला. जून संपला, जुलै संपत आला, लढाई थांबली. मला क्षणभर वाटलं, चला, प्रश्न आपोआप मिटला. असं वाटणारा माणूस तरुणांचा सल्लागार होता.

ऑगस्टच्या पहिल्या सोमवारी लालासाहेबांनी मला बोलावलं. पंधरा ऑगस्टला संस्थेच्या पटांगणावर जिल्ह्यातल्या जवानांच्या मातांचा सत्कार ठरला होता. गावोगावच्या सरपंचांकडून नावं मागवली होती, आणि मानपत्रांचं मुद्रितशोधन माझ्याकडे होतं. सतरावं मानपत्र : वीरमाता सौ. धोंडुबाई धुळा, आणि पुढे जत तालुक्यातली ती वाडी. "आपल्या सुपुत्रास सीमेवर धाडून आपण..."

मी ते तीन वेळा तपासलं. शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती.

लालासाहेबांना सांगितलं असतं तर नाव कापलं गेलं असतं. पण मग का कापलं हे वाडीला कळवलं गेलं असतं, तेही बहुधा जाहीरपणे, आणि पप्पूने मला ते गुपित म्हणून सांगितलं होतं. न सांगावं तर ती बाई तेरा दिवसांनी दोन हजार लोकांपुढे व्यासपीठावर उभी राहणार, आणि लेकाचं खोटं कधीतरी उघडं पडलं की त्या शालीसकट ती वाडीत तोंड कुठे लपवणार? मी ठरवलं, लिहिणं माझ्याच्याने होत नाही, तर समोर जाऊन सांगायचं. याचं मला माझंच नवल वाटलं.

बुधवारी दुपारी पत्र खिशात घालून मी माधवनगरला गेलो. कारखाना सापडला. आत पाऊल टाकलं आणि मागांच्या खडखडाटाने कान बधिर झाले. तिथे एकमेकांच्या कानाला तोंड लावल्याशिवाय कोणाचं कोणाला ऐकू जात नव्हतं. कोंडीबा म्हणून एक मुकादम पुढे आला आणि त्याने माझ्या तोंडाशी कान आणला. अनोळखी माणसाचा कान इतक्या जवळ आल्यावर मला जे सुचलं ते असं :

"धोतराचं कापड मिळेल का?"

मी पँट घातली होती. कोंडीबाने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि हाताला धरून बाहेर अंगणात आणलं.

"आवं आजोबा, हितं धोतर निघत न्हाई. हितं परकराचं कापड निघतंय."

"चालेल," मी म्हणालो.

तो हसला नाही, हे त्याचे उपकार. "बसा. चा घ्या. चाची वेळच हाय."

मागांवरची माणसं एकेक करून बाहेर आली. त्यांत एक उंच, सडपातळ तरुण होता. चालताना त्याचे गुडघे एकमेकांना घासत होते. नाव विचारायची गरजच नव्हती. मी चहाच्या कपात बघू लागलो.

"ह्यो बघा आमचा फौजी," कोंडीबा म्हणाला. "घरी जवान, हितं कांड्या भरतोय."

"गप की कोंडीबामामा."

"गप कसा? काल मिरजेच्या बाजारात तुज्या वाडीचा मानूस भेटला मला. लढाई थांबली, बाकीच्यांची पत्रं आली, तुजं न्हाई. आईनं दिवसाचंबी सोडलंय. परवा नळावर चक्कर यून पडली. म्या काय सांगितलं आसंल त्येला? काय बोलू म्या?"

पप्पूने चहाचा कप तसाच खाली ठेवला.

"जा की रं घरी."

"जानार हाय. एका ठिकानी इचारलंय. उत्तर आलं की जातो."

"कवा इचारलंस?"

"जूनला."

"आन आता ऑगस्ट! आरं, उत्तर लिवत्यात का पंचवार्षिक योजना लिवत्यात?"

सगळे हसले. पप्पू हसला नाही. तो अगदी गंभीरपणे म्हणाला, "शिकल्याली मानसं हैत, मामा. ह्या खेपेला नीट इचार करून लिवत आसतील. उगं कायबी लिवून धाडनाऱ्यातली न्हाईत."

माझा चहा कपातच राहिला. मीच तो, एवढं म्हणायचं होतं. दोन शब्द. तोंड उघडलं, तेवढ्यात भोंगा झाला आणि सगळे आत गेले. कोंडीबाने दोन मीटर परकराचं कापड कागदात बांधून माझ्या हातात दिलं.

परतीच्या बसकडे जाता जाता मी थांबलो. घरी गेलो की शब्दकोश आहे, कपाटं आहेत, कोरे कागद आहेत, आणि त्या सगळ्यांना विचारल्याशिवाय माझ्याकडून काही होत नाही. समोरच पोस्ट होतं. आत लाकडी फळीवर दोरीला बांधलेलं पेन होतं. मी एक पाकीट आणि खिडकीवरच्या माणसाकडून एक कोरा कागद घेतला. दोरी आखूड होती, त्यामुळे फार लांब लिहिता येण्यासारखं नव्हतं.

"पप्पू,

तुझं पत्र जूनमध्येच मिळालं. उशीर माझ्यामुळे झाला. तुझा प्रश्न अवघड होता म्हणून नाही, मी भित्रा आहे म्हणून.

मला कळलं ते असं. भरतीत काढून टाकलं हे सांगायची तुला लाज वाटते. आई तुझ्यासाठी उपाशी आहे म्हणून तुलाही घास गिळत नाही.

कसं सांगू, असं तू विचारलंस. तू लिहिलेलंच वाक्य परत पाठवतो : 'मी धडधाकट हाय आन हितं माधवनगरात मागावर हाय.' यात मला काही कमीजास्त करता आलं नाही.

एकच प्रश्न विचारतो. आईला आधी काय कळायला हवं? तू फौजेत नाहीस हे, की तू जिवंत आहेस हे?

पंधरा ऑगस्टला सांगलीत जवानांच्या आयांचा सत्कार आहे. यादीत तिचं नाव आहे. तुझ्याकडून कळेपर्यंत मी कोणाला काही बोलणार नाही. तिला पत्र लिहिलंस तर ते तिला दुसऱ्या कोणाकडून तरी वाचून घ्यावं लागेल, आणि तसं झालं की काय होतं हे तू आप्पासोच्या बूथमध्ये पाहिलं आहेस. म्हणून तू स्वतः जावंस असं मला वाटतं. हा सल्ला झाला. तो द्यायचा नसतो, पण दिला.

शनिवारी सकाळी सात वाजता मी सांगली स्टँडवर जतच्या गाडीपाशी असेन. मला बोलता येत नाही. गाडी सुटेपर्यंत थांबता येतं.

चिंतामण"

परत वाचलं नाही. डिंक लावला, पत्ता लिहिला, आणि बाहेर येऊन पेटीत टाकलं. पेटीवर पत्रं काढायची पुढची वेळ साडेचारची होती. चार वाजले होते. मी तिथेच परकराचं कापड काखेत धरून उभा राहिलो. पंधरा मिनिटांतच आठवलं, की 'भित्रा' ऐवजी 'संकोची' हा शब्द जास्त अचूक झाला असता. पंचविसाव्या मिनिटाला वाटलं, शनिवारऐवजी रविवार बरा होता.

साडेचारला हरिबा नावाचा पोस्टमन किल्ली घेऊन आला. त्याने माझ्याकडे पाहिलं.

"काय आजोबा, चुकून काय पडलं का आत?"

"ते... लांब पाकीट. माझं आहे."

त्याने पेटी उघडली, ढिगातून पाकीट काढलं आणि पत्ता वाचला.

"आवं, ह्यो पत्ता तर मागल्या गल्लीतला! दोनशे पावलं न्हाईत. आन तुमी पोस्टात टाकताय व्हय? घ्या, जाऊन हातात द्या त्येच्या."

त्याने पाकीट माझ्यापुढे धरलं. मला ते घेता आलं असतं. घरी नेता आलं असतं. माझा हात थोडा पुढे गेलाही.

"नको," मी म्हणालो. "जाऊ दे पोस्टानेच. उद्या नक्की मिळेल ना?"

"सकाळी धाच्या आत. मीच देनार हाय."

त्याने पोस्टाच्या खिडकीशी जाऊन पाकिटावर शिक्का मारला आणि ते पिशवीत टाकलं.